खुलासा : तांब्याचा ब्लॉक आणि नळाचं पाणी

‘तांब्याचा वॉटर ब्लॉक घरी बनवा, अॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडा, नळाचं पाणी भरा, सोलापूरच्या उन्हाळ्यातही प्रोसेसर ३० अंशांवर’ हा मेसेज फिरतोय. वॉटर ब्लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा; ते गरम झालेलं पाणी रेडिएटर पंख्याच्या हवेनं थंड करतो. मेसेजमधला फोटो माझ्या ब्लॉकचा आहे, मजकूर माझा नाही.

ब्लॉक घरी होतो, हे खरं. पण पंखा-रेडिएटरनं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याहून गरमच राहणार.

दुसरी चूक जास्त घातक. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम झिजतं, क्षारांच्या पाण्यात तर लवकर. माझा पहिला रेडिएटर असाच गळला. मदरबोर्ड थोडक्यात वाचला. आता रेडिएटरही तांब्या-पितळेचा, आणि डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.