दर सात वर्षांनी नवं शरीर? मग आजीचं गोंदण पुसलं का नाही?

फॅमिली ग्रुपवर सूर्योदयाच्या चित्रासकट एक मजकूर अधूनमधून येऊन पडतो. आशय असा: पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदललेली असते. नव्या पेशी कोऱ्या असतात, तेव्हा जुनं दुखणं धरून बसायचं कारण नाही. आणि विभाजन जितकं जलद, तितकं तारुण्य टिकतं. शेवटची ओळ बहुधा कुठल्यातरी पावडरीकडे बोट दाखवते. एकेक दावा बघू.

‘प्रत्येक पेशी बदलते.’

उलाढाल प्रचंड चालते, हे खरं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी 2021 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार माणसाच्या शरीरात रोज सुमारे 33 हजार कोटी पेशी बदलल्या जातात. पण त्यांतल्या 86 टक्के रक्तातल्या आणि 12 टक्के आतड्याच्या अस्तरातल्या. उरलेल्या अख्ख्या शरीराच्या वाट्याला येतात 2 टक्के. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, लाल रक्तपेशी सुमारे 120 दिवस टिकते. म्हणजे यांच्यासाठी सात वर्षं हा आकडा फारच मोठा आहे. आणि काही पेशींसाठी फारच लहान.

हे कळलं कसं, ती गोष्ट मजकुरापेक्षा कितीतरी रंजक आहे. 1950च्या दशकात आणि 60च्या सुरुवातीला अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्यावर अणुचाचण्या करत होते. त्यामुळे हवेतलं कार्बन-14चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळपास दुप्पट झालं. 1963च्या चाचणीबंदी करारानंतर अशा चाचण्या जवळजवळ थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरू लागलं. हवेतला कार्बन झाडांत जातो, झाडांतून आपल्या ताटात. पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची प्रत काढते तेव्हा त्या वर्षीचा कार्बन त्या प्रतीत जातो आणि पुढे तिथेच राहतो. थोडक्यात, पेशी शेवटची कधी विभागली त्याचं साल तिच्या डीएनएवर नोंदलेलं असतं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2005 मध्ये ही नोंद वाचायची पद्धत मांडली.

निकाल काय आले? मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) चेतापेशी माणसाइतक्याच जुन्या निघाल्या. सत्तरीतल्या माणसाच्या या पेशीही सत्तरीतल्याच. हृदयाच्या स्नायूपेशी बदलतात, पण विशीत-पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का, आणि पंचाहत्तरीला त्याच्याही निम्म्याहून कमी. आयुष्यभराची बेरीज केली तरी निम्मं हृदय जन्मापासूनचंच राहतं. चरबीच्या पेशी वर्षाला सुमारे 10 टक्के बदलतात. डोळ्याच्या भिंगाचा गाभा तर आईच्या पोटात तयार होतो आणि शेवटपर्यंत तोच असतो.

मग हे ‘सात’ आलं कुठून? अमुकच ठिकाणाहून, असं म्हणता येणार नाही, कारण कल्पना जुनी आहे. पण 2005च्या त्या कामाच्या निमित्ताने फ्रिसेन यांनी एक अंदाज व्यक्त केला होता: प्रौढ शरीरातल्या पेशींचं सरासरी वय 7 ते 10 वर्षं असू शकेल. सरासरी! घरात ऐंशीची आजी आणि चार वर्षांची नात असेल तर सरासरी बेचाळीस येते. म्हणून घरात कुणी बेचाळीस वर्षांचं आहे असं होत नाही.

यावर एक चतुर बचाव असतो: ‘पेशी नाही, तर अणू तरी बदलतात ना?’ बदलतात, बरेचसे. न विभागणाऱ्या चेतापेशीतलं पाणी आणि तिची बहुतेक प्रथिनंही बदलत राहतात. पण तो दावा वेगळा, आणि मजकुरात तो नाही.

‘पेशी विभागते म्हणजे जुनी जाते, नवी येते.’

दहावीला सूत्री विभाजनाचे चार टप्पे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. परीक्षेनंतर आकृत्या विसरल्या तरी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की विभागणारी पेशी मरत नाही, तिच्याच दोन होतात. 46 गुणसूत्रांची आधीच दुप्पट झालेली सामग्री मध्यभागी रांगेत लागते, दोन्ही टोकांकडून आलेले सूक्ष्मनलिकांचे तंतू तिला दोन बाजूंना ओढतात आणि मग पेशी मधून चिमटली जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीत हे पूर्ण चक्र साधारण एका दिवसाचं असतं. प्रत्यक्ष दुभंगण्याला त्यातला जेमतेम तासभर लागतो, बाकीचा वेळ वाढण्यात आणि प्रत काढण्यात जातो.

आणि ज्या पेशी भराभर संपतात, त्या स्वतः विभागतच नाहीत. लाल रक्तपेशीला केंद्रक नसतं, ती विभागणार कशी? विभागतात त्या हाडांच्या मज्जेतल्या मूलपेशी आणि त्यांच्यापासून निघालेल्या मधल्या पिढ्या. त्वचेतही तेच. विभाजन तळाच्या थरात होतं, वरची पेशी नुसती वर सरकते, सुकते आणि गळून पडते.

स्त्रीबीजाचं प्रकरण तर या मजकुराला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारं. मुलगी गर्भात असतानाच तिच्या बीजपेशी अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन) सुरू करतात आणि मध्येच थांबतात. पस्तिसाव्या वर्षी जे बीज पक्व होतं, ते पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्या अर्ध्यावरच्या स्थितीत थांबलेलं असतं. वाढत्या वयात गुणसूत्रं नीट वेगळी न होण्याचा आणि त्यामुळे बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका वाढतो, त्यामागे या लांबलेल्या प्रतीक्षेचा मोठा हात आहे.

‘नवी पेशी कोरी असते.’

कोरी कुठून असणार? ती जुनीचीच प्रत असते. प्रत्येक विभाजनात डीएनएची 600 कोटींहून जास्त अक्षरं उतरवली जातात. तपासणी आणि दुरुस्ती होऊनही एखाद-दुसरी चूक राहून जाते, आणि राहिली की ती पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाते.

सिगारेट ओढणाऱ्यांना या ओळीचा विशेष आधार वाटतो. सात वर्षांत फुप्फुस आपोआप नवं होणार असेल तर घाई कसली? प्रत्यक्षात धुरामुळे श्वासनलिकेच्या अस्तरातल्या, विभागणाऱ्या पेशींच्याच डीएनएत बिघाड साठतो. 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांना मात्र आशा वाटावी असं काही दिसलं. सिगारेट सोडलेल्यांच्या अस्तरात जवळपास निरोगी पेशींचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा चौपटीपर्यंत जास्त होतं. पण त्या पेशी कोऱ्या होऊन अवतरल्या असं नाही. कमी बिघडलेल्या काही पेशी कुठेतरी शिल्लक असाव्यात, आणि धूर थांबल्यावर विभागत त्यांनी जागा घेतली असावी, असा त्यांचा तर्क आहे. फायदा सोडण्याचा आहे, सात वर्षं वाट बघण्याचा नाही.

राहिलं आजीचं गोंदण. तिची वरची त्वचा आयुष्यात शेकडो वेळा नवी झाली, तरी हातावरची तुळस तिथेच. कारण रंग वरच्या थरात नसतो, त्याखालच्या थरात असतो, आणि तिथल्या भक्षक पेशींनी तो गिळलेला असतो. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की रंग बाहेर पडतो आणि तिच्या जागी आलेली पेशी तो पुन्हा गिळते. पेशी बदलली, खूण राहिली.

‘जलद विभाजन म्हणजे तारुण्य.’

हा दावा सगळ्यात वाईट, कारण त्यावर पैसे उकळले जातात. मोकाट विभाजनाला वैद्यकात नाव आहे: कर्करोग. म्हणून शरीर विभाजनाला लगामही लावतं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण 40 ते 60 वेळा विभागून थांबतात. म्हणजे एखाद्या पावडरीने खरंच सरसकट विभाजन वाढवलं, तर ती दुकानात नाही, विषांच्या यादीत हवी.

उलट विभाजन थांबवणारं औषध आपल्या अंगणात उगवतं. सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळतात. गुणसूत्रांना ओढणारे ते तंतू ती जुळूच देत नाहीत, आणि कर्करोगाची पेशी अर्ध्यावर अडकून मरते. (म्हणून सदाफुलीची पानं चावू नका, झाड विषारी आहे आणि औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात.) व्हिनब्लास्टिनने रक्तपेशी घटतात, कारण मज्जा सतत विभागत असते. व्हिन्क्रिस्टिनचा मोठा त्रास मात्र बोटं बधिर होण्याचा आहे. चेतापेशी विभागत नाहीत, मग त्यांना त्रास का व्हावा? कारण त्याच सूक्ष्मनलिका चेतापेशीच्या लांब धाग्यातून माल वाहून नेण्याचं काम करतात. या त्रासामुळेच डॉक्टर व्हिन्क्रिस्टिनचा एका वेळचा डोस सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.