औषध आधी की इजा आधी?

इजा झालेल्या फुप्फुसाची स्लाइड मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा वाटलं की चुकून भलत्याच अवयवाची स्लाइड हाती आलीय. निरोगी फुप्फुस भिंगाखाली बारीक जाळीसारखं दिसतं, बहुतेक मोकळी जागाच. इथे जाळीची भोकं गुलाबी द्रवाने भरलेली, भिंती जाड झालेल्या आणि जिकडे पाहावं तिकडे जांभळे ठिपके. ते ठिपके म्हणजे न्यूट्रोफिल, शरीराच्याच रक्षक पेशी. शेजारची स्लाइड वनस्पतीतला एक घटक दिलेल्या उंदराची होती. तिच्यात जाळी बरीचशी शाबूत! मी हरखून गेले होते.

मग प्रयोगाची पद्धत वाचली. घटक दिला होता इजा करण्याच्या एक तास आधी.

तेव्हापासून ही गोष्ट मला खुपत आलीय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहून पातळ असतो. न्यूमोनियात किंवा सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीरच बिघडतं त्यात, दाह भडकला की हा पडदा पाझरू लागतो, वायुकोश भरतात आणि नळीने कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तापर्यंत पोचत नाही. १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा १२ रुग्णांचं वर्णन आलं. हाच आजार पुढे एआरडीएस म्हणून ओळखला जाऊ लागला. आजवर त्यात जीव वाचवल्याचं ठळकपणे दिसलं ते व्हेंटिलेटरने छोटे श्वास दिल्याने आणि गंभीर रुग्णाला रोज बराच वेळ पालथं झोपवल्याने. पाझरणारा पडदा सांधणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. म्हणूनच वनस्पतींकडे आशेने पाहणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मीही त्यांच्यातलीच आहे.

हळदीतलं कर्क्युमिन, ओल्या किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड, शिवाय इतर वनस्पतींतले क्वेर्सेटिन, बैकालिन, रेझव्हेरॅट्रॉल हे घटक. यांची कामं खोटी नाहीत. दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन आहे. अँड्रोग्राफोलाइड त्याच्या एका भागाला घट्ट चिकटतं आणि त्याला डीएनएवर बसू देत नाही. किती नेमकं काम आहे हे! पण बहुतेक प्रयोगांचा साचा एकच: उंदराला आधी घटक द्यायचा, मग जिवाणूच्या भिंतीतला एलपीएस हा घटक श्वासनलिकेत सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी टीएनएफ, आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं मोजायची. एलपीएस म्हणजे मेलेल्या जिवाणूचा तुकडा. तो वाढत नाही, पसरत नाही. त्यामुळे दाह दाबल्याची किंमत या प्रयोगात कधी मोजावीच लागत नाही. जिवंत जिवाणूंचा न्यूमोनिया झालेल्या माणसात मात्र तेच न्यूट्रोफिल जंतूंशी लढत असतात.

आणि माणूस दवाखान्यात येतो तो धाप लागल्यावर. एक तास आधी कोण येतं?

मात्रेचंही तेच. पेशींवर कर्क्युमिन ज्या प्रमाणात टाकतात, ते रक्तात गाठणं महाकठीण. काही ग्रॅम तोंडावाटे दिलं तरी मोकळं कर्क्युमिन रक्तात नगण्यच सापडतं. शिवाय ते स्वतः चमकतं, त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या चाचण्यांनाही चकवतं.

माणसांवर नीट कसोटी लावली तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. कोल्चिसिन हे कळलावीतही सापडणारं, गाउट या सांधेदुखीच्या आजारात दाह शमवणारं जुनं औषध. कोविडमध्येही ते उपयोगी पडेल अशी आशा होती. ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधून चालवलेल्या मोठ्या कोविड चाचणीत ११,३४० रुग्ण घेतले, निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांतला मृत्युदर दोन्ही गटांत २१ टक्के. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधला मृत्युदर ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणला, पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. दाह कुणाचा शमवायचा आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकं तेच आपले उंदरांवरचे प्रयोग विचारत नाहीत.

वनस्पतींपासून औषध निघतं, यात मला शंका नाही. आर्टेमिसिनिन मलेरियावर चाललं, कारण चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी अर्क उकळून काढणं सोडून कमी तापमानावर ईथरने काढला आणि मग त्याला कठोर कसोट्या लावल्या. ती चिकाटी मला फुप्फुसाच्या बाबतीत हवी आहे.

तोवर, ज्यांचं माणूस आत आयसीयूत आहे त्यांना कळकळीने सांगते: कसलाही अर्क वा गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी आणि यकृताशी यातल्या काहींचं पटत नाही.

आणि प्रयोग करणाऱ्या मित्रांनो, एकदा जिवंत जिवाणूंनी न्यूमोनिया होऊ द्या, उंदीर धापा टाकू लागेपर्यंत थांबा, अँटिबायोटिक चालू करा आणि मग तुमचा घटक द्या. रक्तात तो किती पोचला तेही मोजा. काहीच फरक पडला नाही, तर तेवढंच छापा. मी ते आधी वाचेन.