आठाचा पाढा

धंदा टाकायचा म्हणता? उत्तम. मग आधी आठाचा पाढा घोटून घ्या. मशीन कोणतं घ्यायचं, माल कोण घेणार, हे मागाहून बघता येईल. नाही बघितलं तरी फाईल अडत नाही.

नवा धंदा काढणाऱ्याला बँकेचं कर्ज आणि वर सरकारी अनुदान मिळवून देणारा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, लोकांच्या तोंडी 'पीएमईजीपी', २००८ पासून चालू आहे. त्याचे सरकारने छापलेले आकडे एकदा कॅलक्युलेटर घेऊन वाचा. २०१८-१९ मध्ये ७३,४२७ उद्योगांना साहाय्य, रोजगार ५,८७,४१६. भागून बघा. आठ. २०१९-२० मध्ये ६६,६५३ उद्योग, ५,३३,२२४ रोजगार. परत आठ, बाकी शून्य. २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष. ७४,४१५ उद्योग, रोजगार ५,९५,३२०. ज्या वर्षी भरल्या हॉटेलांची शटरं खाली होती, त्या वर्षीही दर उद्योगामागे मोजून आठ माणसं कामाला लागली. कोणी सातावर अडला नाही, कोणाला नववा घ्यावासा वाटला नाही. आकड्याच्या डोक्यावर 'अंदाजित' असा एक शब्द असतो, पण बातमीपर्यंत पोचेतो तो बिचारा वाटेतच गळतो.

तेव्हा रोजगार कसा निर्माण करायचा ही चिंता तुमच्या डोक्यावर नाही. तुम्ही कर्ज घेतलंत की तो आपोआप होतो. तुमचं काम एवढंच, की गुणाकारातली वरची संख्या व्हायचं.

आता कामाला लागू. अर्ज ऑनलाइन, फुकट. त्यामुळे तो भरायला पैसे किती घेतात हे झेरॉक्सच्या दुकानात आधी विचारून घ्या. फॉर्ममध्ये संस्था निवडायची असते: खादी आयोग, राज्याचं खादी मंडळ, नाहीतर जिल्हा उद्योग केंद्र. कोणती निवडावी? ज्या कार्यालयात पार्किंग आहे ती. फेऱ्या तुम्हालाच मारायच्यात. राज्याची धाकटी बहीण 'सीएमईजीपी', म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या नावाची तशीच योजना, २०१९ पासून आहेच. थोरलीकडे जमलं नाही तर धाकटीकडे जा, स्वभाव सारखाच.

मग प्रोजेक्ट रिपोर्ट. हा तुम्ही लिहायचा नसतो, तो तयारच असतो. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. मग तो पापडाचा धंदा असो, पेव्हर ब्लॉकचा असो की ब्यूटी पार्लरचा. पार्लरची उत्पादनक्षमता कशात मोजतात हे विचारू नका, अजून कोणी विचारलेलं नाही. फक्त सही करण्याआधी शेवटची चार पानं चाळा. आधीच्या गिऱ्हाइकाचं गाव तिथं राहून गेलेलं असतं. मिरची कांडपाच्या रिपोर्टात 'परिसरात बांधकाम वाढत असल्याने विटांना मोठी मागणी आहे' हे वाक्य चालून जातं म्हणा, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?

मिरची कांडपच धरू. रकमेचा हिशेब नीट समजून घ्या, कारण या साऱ्या खटाटोपात खरा असा हाच एक हिशेब आहे. दहा लाखांचा प्रकल्प, ग्रामीण भाग, खुला गट. पदरचे १० टक्के, म्हणजे एक लाख. बँकेचं कर्ज नऊ लाख. अनुदान २५ टक्के, अडीच लाख. तोच प्रकल्प शहरात केलात तर १५ टक्के, दीड लाख. म्हणून ओढा बघा. ओढ्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत. शेड पलीकडे टाकलं की एक लाख वाचले. ओढा ओलांडायची एवढी मजुरी देशात दुसरीकडे मिळत नाही. अजून पुढचं: अर्ज वहिनींच्या नावाने केलात तर पदरचे फक्त ५० हजार आणि ग्रामीण भागात अनुदान साडेतीन लाख. कुटुंबात लाभ एकालाच मिळतो, तेव्हा हा निर्णय जेवणं झाल्यावर, सगळे शांत असताना घ्या. महिला सबलीकरणात वहिनींनी सही कुठे करायची एवढं पेन्सिलीने फुली मारून दाखवलं की झालं.

जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, शेडचं भाडं जास्तीत जास्त तीन वर्षांचं धरतात. हे वाचून घ्या, नाहीतर जमिनीचे सहा लाख घालून अर्ज कराल आणि तो परत आला की कार्यालयाला शिव्या द्याल.

पुढचा मुक्काम बँक. कार्यालय शिफारस करतं, पैसे बँक देते. म्हणजे मध्यस्थाने पत्रिका जुळवली, पण मुलीचा बाप वेगळाच आहे. छोट्या उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावलंय. शाखाधिकारी हे पाळतात. ते तारण मागत नाहीत, 'सातबारा आहे का, सहज विचारतो' असं म्हणतात. तुम्हीही सहजच फाईलीला लावून टाका. सिबिल, म्हणजे कर्जफेडीतली तुमची पत, आधी तपासा. मेव्हण्याच्या मोबाइलच्या हप्त्याला जामीन राहिला असाल तर दहा लाखांचा उद्योग तिथंच आटोपतो.

वेळ कोणती साधावी? एप्रिलमध्ये गेलात तर 'या वर्षीचं टार्गेट यायचंय'. ऑक्टोबरात 'बघू, दिवाळी होऊ द्या'. फेब्रुवारी सरता सरता मात्र फोन तुम्हालाच येतो. मार्चएंडच्या आत मंजुरी हवी असते. तुम्हाला नव्हे, त्यांना. या पंधरवड्यात तुमच्या फाईलीतल्या त्रुटी आपोआप बऱ्या होतात.

इथं जरा थांबा, कारण मिरचीचा घात इथं होतो. लाल मिरचीची खरेदी फेब्रुवारी ते मे. चांगलं वाळलेलं बॅडगी, संकेश्वरी तेव्हाच घेऊन ठेवायचं, वर्षभराचं. बायका तिखट-मसाला करून ठेवतात तेही उन्हाळ्यातच. तुमची मंजुरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पैसे मशीनवाल्याच्या खात्यात परस्पर एप्रिल-मेमध्ये. मशीन जूनमध्ये. १० एचपी मोटारीला थ्री फेज जोडणी लागते, तिचं कोटेशन महावितरणकडून मिळून, भरून, मीटर बसेपर्यंत आषाढी. म्हणजे शेड तयार, मशीन तयार, वीज आली आणि बाहेर धो धो पाऊस. दमट मिरची पल्व्हरायझरमध्ये घातली की चाळणीची भोकं लगद्याने बुजतात, मोटार गरम होते आणि तिखटाचा रंग काळपट येतो. शिवाय मिरची घ्यायला पैसे आहेत कुठे? ते सगळे लोखंडात गेले. पहिला हप्ता मात्र दसऱ्याची वाट बघत नाही.

खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट आहे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं काढायचं कर्ज, आणि त्याचा नियम रत्नासारखा जपून ठेवावा असा आहे. तीन वर्षांत ती मर्यादा निदान एकदा पुरती १०० टक्के वापरलेली दिसली पाहिजे आणि एरवीचा वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत. म्हणजे काटकसर करून कमी उसन्यात धंदा चालवलात तर दंड. घरी वडिलांनी उलटं शिकवलं असेल तर विसरा.

आणि अनुदान हातात आलं असं समजून कोणी गाडी बुक केली असेल तर ती रद्द करा. ही रक्कम तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून बँकेतच राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही. तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही, हे खरं. लग्नातल्या आहेरासारखं आहे: पाकिटावर नाव तुमचं, पाकीट मामाच्या खिशात. तीन वर्षांनी पडताळणी झाली, धंदा चालू दिसला, की ती कर्जात वळती. मधेच धंदा बसला तर पाकीट आल्या वाटेने परत जातं.

आता पुन्हा आठाकडे. आठच का? या आकड्यामागची दूरदृष्टी बघा. कामगारांच्या औषधपाण्याचा राज्य विमा (ईएसआय) लागतो दहा कामगारांपासून. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागतो वीसपासून. आठ माणसं दोन्हीच्या खाली, सुरक्षित अंतरावर. म्हणजे कागदावर निर्माण झालेल्या त्या लाखो नोकऱ्यांना ना दवाखाना, ना पीएफ, आणि कायदाही कुठे मोडला नाही. उद्या चुकून धंदा वाढला आणि दहावा माणूस लागला तर त्याला भावाच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्मच्या हजेरीपटावर टाका. एका शेडमध्ये तीन फर्म, प्रत्येकीत नऊ माणसं, मधे प्लायवूडचं पार्टिशन, हे औद्योगिक स्थापत्य कोणत्याही वसाहतीत बघायला मिळेल. केंद्राने १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या माणसामागे मालकाला महिना ३,००० रुपयांपर्यंत द्यायची योजना आणली आहे, पण ती पीएफच्या नोंदीवरून चालते. म्हणजे ज्याला आठावर ठेवलं, तो नेमका तिच्या बाहेर.

मिरचीचा ठसका सोसत नसेल तर एमआयडीसीचा मार्ग आहे. १९६२ पासून महामंडळ भूखंड देतंय, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. भूखंड घ्या, कुंपण घाला, राखणदाराची खोली बांधा, मुदतवाढ मागत राहा. काहीही न बनवता ज्याची किंमत वाढते असं वसाहतीतलं हे एकमेव उत्पादन.

समजा धंदा चाललाच. अपघात होतात. तुमचा मसाला एखाद्या मोठ्या कंपनीने घ्यायला सुरुवात केली. आता पैसे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार करायला परिषद आहे, तिने ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे. निकालाविरुद्ध जायचं तर कंपनीने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. एवढा दणकट कायदा क्वचित सापडेल. तक्रार केलीत की वसूलही होईल. फक्त पुढची ऑर्डर येणार नाही, आणि तिच्या शेजारच्या कंपनीचीही येणार नाही, कारण खरेदी अधिकारी दुपारी एकत्र जेवतात.

मग सरकारने पेच आणखी आवळला. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यावर बाजाराने दोन महिन्यांत तोड काढली: 'तुमचं उद्यम आहे का? मग राहू द्या.' उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी; ती असली की कायदा लागतो. तेव्हा उद्यम नोंदणी जरूर करा, फुकट आहे, आधारवर होते. प्रमाणपत्राची रंगीत प्रिंट काढा, फ्रेम करून गल्ल्यामागे लावा, आणि गिऱ्हाईक कंपनीचा माणूस येणार असेल त्या दिवशी तिथं गणपती लावा.

राहता राहिली पडताळणी. योजनेचं नाव लिहिलेला बोर्ड दर्शनी भागात लागतो. चांगल्या पत्र्यावर रंगवून घ्या, तीन वर्षं टिकायचाय. फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह घेतला जातो, म्हणून शेजारच्याच्या चालू गिरणीत उभं राहून भागत नाही. मशीनवरची धूळ आदल्या रात्री पुसा, पण फार चकचकीत करू नका, थोडं तिखट शिंपडा. माणसं आठ लागतील. वहिनी, सासूबाई, दोन पुतणे, मशीनवाल्याचा फिटर, रोजंदारीची दोघं. सात झाली. आठव्यासाठी पडताळणीला आलेल्या साहेबांच्या ड्रायव्हरला विनंती करा. ते सहसा नाही म्हणत नाहीत, सवय असते. लाईट गेली असेल तरी घाबरू नका. फोटोत मोटारीचा आवाज येत नाही.