दहाव्या ग्रहाच्या नावानं दाढी

श्रावणात दाढी ठेवणाऱ्याला सोलापुरात कुणी काही विचारत नाही. पण भर चैत्रात, पारा ४२-४३ वर हटून बसलेला असताना, साठी ओलांडलेल्या माणसानं दाढी वाढवली तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर सुतक, नाही तर नवस. माझी दाढी या दोन्हींत बसत नव्हती. ती कॅनडातल्या एडमंटन नावाच्या गावच्या आइस हॉकी संघासाठी होती.

त्याचं असं झालं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मागोमाग लॅपटॉप घेऊन जावईबापू आले. घरूनच काम करायचं होतं, म्हणजे तिकडचा दिवस ती इकडची रात्र. पहाटे साडेचारला त्यांचं ऑफिस सुटायचं आणि मग हॉकी. बापू मूळचे बार्शीचे. ‘बार्शी तिथं सरशी’ ही म्हण त्यांनी एडमंटनला जाताना सोबत नेली आणि तिथल्या ऑइलर्स या संघाला देऊन टाकली. या संघानं शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडच्या आइस हॉकी लीगचा करंडक, १९९० साली जिंकलेला. चौतीस वर्षांत सरशीवर धूळ किती बसली असेल, बघा.

“मामा, आजपासून ब्लेडला हात लावायचा नाही.”

प्लेऑफ, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्या, सुरू झाले की आपला संघ बाद होईपर्यंत किंवा कप जिंकेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत. ही चाल पाडली न्यूयॉर्क आयलँडर्सनी आणि त्यांनी १९८० ते १९८३ सलग चार कप नेले. चार कप नेल्यावर दाढीला नावं कोण ठेवणार?

“पण बापू, मी कुठं खेळतोय?”

“चाहत्यांनीही ठेवायची असते, मामा.”

‘जामाता दशमो ग्रहः’ म्हणणाऱ्यानं पुढचं सांगितलेलं नाही. शनी निदान साडेसात वर्षांनी उठतो.

पहिला सामना २३ एप्रिल २०२४ रोजी, सकाळी साडेसातला, ऐन हनुमान जयंतीच्या दिवशी. मी देवळातून सुंठवडा घेऊन आलो तर टीव्हीवर लॉस एंजेलिसशी झुंज चाललेली. झॅक हायमन नावाच्या गड्यानं तिसरा गोल केला आणि प्रेक्षकांनी बर्फावर टोप्यांचा पाऊस पाडला. एकाच खेळाडूचे तीन गोल म्हणजे हॅट्ट्रिक, आणि हॅट्ट्रिक म्हटली की डोक्यावर असेल ते फेकायचं. बापूंच्या डोक्यावर काही नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरची, देवळात जायची पांढरी टोपी उचलली आणि भिरकावली. पाचावर फिरणाऱ्या पंख्यानं ती झेलली, दोन फेरे घातले आणि सुंठवड्याच्या वाटीत आणून टाकली. ही म्हणाली, “मारुतीरायाला आवडलं नसणार हे.” ऑइलर्स ७-४ नं जिंकले. मारुतीरायाला चाललं असावं.

खरा त्रास दाढीचा. आठ दिवसांत ती गालावर किसणीसारखी झाली, पंधरा दिवसांत गळपट्टीत घाम मुरायला लागला. शेंगा चटणी आणि कडक भाकरी हा आमचा नाश्ता. चटणीची पूड दाढीत एकदा शिरली की दुपारपर्यंत मुक्कामाला. एका सामन्याच्या वेळी मी विचार करत हनुवटी खाजवली तर मांडीवर अर्धा चमचा चटणी पडली. दाढी धुवायची तर नळाला पाणी यायच्या दिवसाची वाट बघायची. तोवर नुसतं पुसायचं. बापूंना दाढी शोभत होती हेही सांगून टाकतो. माझी मात्र डाव्या गालावर दाट आणि उजव्यावर तुरळक, दुष्काळी पट्ट्यातल्या पेरणीसारखी.

सलूनवाला रोज दुकानातून बघायचा. चौथ्या दिवशी त्यानं नुसती मान हलवली, आठव्या दिवशी खाली उतरून माझा हात धरला. “काका, घरात कोण गेलं का?”

“लॉस एंजेलिस जायच्या बेतात आहे,” मी म्हणालो.

त्यानं नाव ऐकलं नसावं. पण “वयस्कर होते का?” असं हळू आवाजात विचारलं. खोटं कशाला बोला, त्यांचा संघ १९६७ सालचा आहे. “सत्तावन्न,” मी म्हणालो. तो हळहळला.

७ मे रोजी मतदान होतं. बूथवरच्या माणसानं कार्डावरचा फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि शेजारच्याला दाखवला. आत जाईपर्यंत घशाला कोरड. बोटाला शाई लागली तेव्हा बाद फेरी जिंकल्यासारखं वाटलं.

आमच्या घराला लागून अण्णांचं घर. आयुष्य चादरीच्या मागावर काढलेला माणूस आणि आमची चाळीस वर्षांची दोस्ती, म्हणजे मी चहा म्हटलं की अण्णा कॉफी म्हणणार. पहिल्या दिवशी टीव्हीकडे बघून म्हणाले, “ह्ये काय बे? हॉकी म्हणजे ध्यानचंद. ह्ये तर नुसतं घसरलालेत.” मग बर्फावर दोघांनी हातमोजे टाकले, एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या आणि ठोसे सुरू केले. पंच शेजारी उभे. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. दोघं दमल्यावर पंचांनी त्यांना पाच-पाच मिनिटं वेगवेगळ्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. आपल्या हॉकीत हिरवं कार्ड दाखवलं तरी दोन मिनिटं बाहेर. इथं दात पाडून पाच. अण्णांना हा हिशेब फार आवडला. “आपल्या सोसायटीच्या मीटिंगला ही खोली पायजे बे.” तेव्हापासून अण्णा रोज हजर.

एकेका फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे असतात. दुसऱ्या फेरीत व्हँकुव्हरनं सात सामने झुंजवलं, तिसऱ्या फेरीत डॅलसनं सहा. एव्हाना हीसुद्धा सकाळी भाजी निवडायला टीव्हीसमोर बसायची. हॉकीचं तिला काही नाही, पण एवढा बर्फ बघून गार वाटतं म्हणाली.

मग फायनल. समोर फ्लोरिडा पँथर्स. बापू, मी, लेक, ही, सगळे एडमंटनकडून, म्हणून अण्णा फ्लोरिडाकडून. आणि बापूंच्या तोंडून एक गोष्ट निसटली. १९९५ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडाच्या स्कॉट मेलनबीनं ड्रेसिंग रूममध्ये शिरलेला उंदीर काठीनं मारला आणि त्याच रात्री त्याच काठीनं दोन गोल केले. झालं. चाहत्यांनी प्रत्येक गोलला बर्फावर रबरी उंदीर फेकायला सुरुवात केली. १९९६ च्या फायनलपर्यंत उंदरांचा असा खच पडायला लागला की लीगला नियम करावा लागला. खेळ चालू असताना फेकाफेक झाली तर दंड यजमान संघाला.

अण्णांनी नियमाचा भाग ऐकला नाही. त्यांच्या नातवाकडे गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला एक काळा रबरी उंदीर होता, शेपटीला स्प्रिंग असलेला. फ्लोरिडाचा पहिला गोल झाला आणि तो उंदीर थेट हिच्या निवडलेल्या मेथीत येऊन पडला. ही अशी किंचाळली की आतून लेक ओरडली, “आई, माझी वेळ आली का तुझी?”

हिनं नियम तिथल्या तिथं लागू केला. अण्णा दोन मिनिटं ओट्यावर, चहा बंद. “वहिनी, मी पाहुणा संघ हाय, दंड यजमानाला असतोय,” अण्णांनी बाहेरून अपील केलं. मुद्दा बरोबर होता. तेव्हा मीही ओट्यावर गेलो.

पहिले तिन्ही सामने फ्लोरिडानं जिंकले. तिसरा आपल्याकडच्या १४ जूनच्या सकाळी, ४-३ नं. बापू भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “फायनलमध्ये ०-३ वरून उलटवून कप नेणारा एकच संघ आहे मामा, १९४२ चा टोरंटो.” मी दाढी चाचपली. मनात म्हटलं, आणखी एक सामना, की सुटलो. आणि दुपारी नात झाली.

इथं गाडी फिरली. १६ तारखेला एडमंटननं फ्लोरिडाला ८-१ असं धुतलं. मग ५-३. मग ५-१. तीन-तीन बरोबरी. दाढीला दोन महिने येडेपणा म्हणणारी ही आता बाळंतिणीच्या खोलीतून ठासून सांगायला लागली, “माझ्या नातीचा पायगुण आहे.” बापूंनी दाढीचं श्रेय सोडलं नाही. सासू-जावयात पहिली ठिणगी पडली ती यावरून. मी दोघांच्या मध्ये खाजवत बसलो होतो.

कपाबद्दल बापूंना भारी सोवळं. तो साडेपंधरा किलोंचा चांदीचा डोलारा जिंकल्याशिवाय खेळाडू त्याला बोट लावत नाहीत, लावलं तर कप जातो म्हणे. जिंकला की मात्र प्रत्येकाला तो एक दिवस घरी न्यायला मिळतो आणि लोक त्यात आपली बाळं बसवून फोटो काढतात. बापूंना त्यात आपली लेक दिसत होती. मी हसलो. तेवढ्यात माळ्यावरून काढलेल्या पाळण्याला माझा धक्का लागला आणि ही कडाडली, “रिकामा पाळणा हलवू नका!” बापूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी हसू गिळलं.

सातवा सामना २५ जूनच्या पहाटे साडेपाचला. नातीचा बारावा दिवस, म्हणून संध्याकाळी बारसं. मंगळवारी संकष्टी आली, म्हणून अंगारकी. हिचा उपास, घुगऱ्या भिजलेल्या, पाळण्याला फुलं बांधायची राहिलेली. आणि अण्णा कपाळाला गंध लावून, अंघोळ करून, उंदीर हातात घेऊन दारात.

“बापू, आज अंगारकी हाय. गणपतीच्या दिवशी उंदीर हरतोय व्हय?”

बापूंचा चेहरा पडला. दाढी, पायगुण, टोरंटो या सगळ्यांवर त्यांच्याकडे उत्तर होतं. यावर नव्हतं.

फ्लोरिडानं पहिला गोल केला, एडमंटननं फेडला, फ्लोरिडानं दुसरा केला. त्यानंतरचा एक तास आमच्या घरात फक्त पंख्याचा आवाज होता. २-१. चौतीस वर्षांवर आणखी एक वर्ष चढलं.

अण्णांनी उंदीर वर उचललेला मी बघितला. पण त्यांनी तो फेकला नाही, कारण टीव्हीवर काहीतरी वेगळंच चाललं होतं. दोन आठवडे एकमेकांना काचेवर आपटणारे ते सगळे दाढीवाले दोन रांगा करून समोरासमोरून चालत होते आणि प्रत्येकाचा हात हातात घेत होते. कुणी थांबून कानात काही बोलायचा, कुणी डोक्यावर थापटायचा. नाकातून रक्त आलेला एक जण ज्याच्यामुळे आलं असावं त्याला मिठी मारत होता. प्रत्येक फेरी संपली की ही रांग लागते म्हणे, हरलेल्यानंही सगळ्यांशी हात मिळवल्याशिवाय आत जायचं नाही. सगळ्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एडमंटनचा मॅकडेव्हिड निवडला गेला, हरलेल्या संघातला. तो बक्षीस घ्यायला बर्फावर परत आलाच नाही. पण रांगेत होता.

बापू उठले. डोळे लाल, ते जागरणानंच असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. अण्णांसमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला. अण्णांनी उंदीर डाव्या हातात घेतला आणि उजवा दिला. मग मी. मग ही, मेथीची आठवण ठेवून, लांबूनच नमस्कार. मला अण्णा म्हणाले, “चांगलं खेळलास बे.” मीही “तुम्ही पण” म्हणून गेलो.

नऊ वाजता सलूनमध्ये जाऊन बसलो. सलूनवाल्यानं काही न विचारता गळ्याला कापड बांधलं, पाणी फवारलं आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. दुःखाच्या दाढीचे पैसे घेत नाही म्हणे. मी समजावत बसलो नाही.

संध्याकाळी बायकांनी कुर्र केलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. अण्णांनी पाळण्याच्या मापाची एक छोटी चादर आणली होती, आणि तिच्या घडीत तो काळा उंदीर. बापूंनी तो हातात घेतला, शेपटीची स्प्रिंग दोनदा ओढून बघितली आणि हसले, दिवसभरात पहिल्यांदा. “अण्णा, हा मी तिकडे घेऊन जातो. ऑक्टोबरात नवा सीझन आहे.”

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “चादर न्या, बापू. उंदीर फक्त दाखवायला आणलाय. दुपारपासून नातवानं घर डोक्यावर घेतलंय.”