‘दहा रुपयांचा भाग, अठराशे रुपये मजुरी’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांनाही विषय कळावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी मांडतो. यासूच्या एफटी-८१७ या हौशी (हॅम) रेडिओ सेटला पॅनअडॅप्टरचं मॉडिफिकेशन करून घेतलंत, म्हणजे सेटमधला सिग्नल यूएसबी डोंगलमार्फत लॅपटॉपवर नेऊन आजूबाजूचे सिग्नल पडद्यावर पाहण्याची सोय. दहा रुपयांच्या भागाला १,८०० रुपये लागले. काम मालकाने न करता ‘कुणा शिकाऊ पोरीने’ केलं. बोर्डावर वायर लोंबते आणि हिरवा डाग आहे, फोटोही टाकलाय. कनेक्शन उलटं जोडल्यामुळे वॉटरफॉल (पडद्यावरचं सिग्नलांचं सरकतं चित्र) उलटा दिसतो. रिसेप्शन मंद झालं. ट्रान्समिट ओपन करून, म्हणजे ठरलेल्या पट्टीबाहेरही प्रक्षेपण होईल असं करून, दिलं नाही. आणि लॅमिंग्टन रोडला मोबाइलवाला हेच तीनशेत करतो.

उलट्या वॉटरफॉलपासून सुरुवात करू, कारण तो पाच सेकंदांत सुलटा होईल. हा सेट आलेला सिग्नल आधी ६८.३३ मेगाहर्ट्झवर (यालाच आयएफ म्हणतात) नेतो आणि आपण तिथूनच तो बाहेर काढला आहे. तुम्ही ७.१ मेगाहर्ट्झ ऐकता तेव्हा आतला ऑसिलेटर ७५.४३ वर चालतो आणि दोन्हींतला फरक ६८.३३ येतो. ऑसिलेटर वरच्या बाजूला असल्याने ७.१ च्या वरचा सिग्नल ६८.३३ च्या खाली पडतो आणि खालचा वर. कुणीही, कसंही जोडलं तरी हे असंच दिसणार. वायर उलटी जोडली असती तर चित्र उलटं दिसलं नसतं, दिसलंच नसतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्वॅप आय अँड क्यू’ची चौकट आहे, तिथे टिक करा. सेट नेताना दिलेल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं आहे, मागच्या बाजूला.

आता फोटो. छान काढलाय, खरंच. त्यात केसासारखी जी तार दिसते ती ०.१ मिलीमीटरची एनॅमलची तार आहे आणि हिरवा डाग म्हणजे यूव्ही दिव्याखाली कडक होणारं सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा संरक्षक लेप. तार लोंबत नाही, त्या मास्कनेच ती बोर्डाला धरून ठेवली आहे. ती घालावी लागली कारण तिथलं पॅड जागेवर नव्हतं. सेट आमच्याकडे आला तेव्हा त्या जागी आधी एकदा प्रयत्न झालेला होता. कुणी केला हे तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. फक्त सेट उघडल्यावरचा फोटो तुम्हाला पाठवला होता आणि ‘पॅड उखडलेलं आहे, तारेने जोडावं लागेल, चालेल का’ असं विचारलं होतं. ‘चालेल’ हे उत्तर तुमचंच.

हे इतरांसाठीही लिहितो, कारण असे सेट आमच्याकडे नेहमी येतात. पॅड म्हणजे फायबरच्या पाटीवर चिकटवलेला तांब्याचा पातळ तुकडा. भागाचं एक टोक बहुधा ग्राउंडला असतं आणि ग्राउंडचं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस आयर्न दाबून धरतो आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाचं पॅड चिकटपणा सोडतं. वर लोकांना वाटतं, भाग बारीक तर बिटही (आयर्नचं टोक) सुईसारखं हवं. सुईच्या टोकातून उष्णता उतरतच नाही, मग माणूस तापमान ४५० पर्यंत नेतो. आम्ही छोटं, चपट्या टोकाचं बिट ३२० ते ३५० अंशांवर वापरतो. ६३/३७ (कथिल-शिसे) सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं. बोर्ड खालून आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवून घेतला की वरून फार थोडी उष्णता पुरते. हे न करता सिरॅमिक कपॅसिटरला एकदम चटका दिला तर त्याला आतून तडा जातो. तो वरून दिसत नाही. टेबलावर सेट चालतो आणि मग कधीतरी प्रवासात बंद पडतो.

तुमच्या सेटमध्ये बसवलेला कपॅसिटर ०४०२ आकाराचा आहे, म्हणजे १ मिलीमीटर लांब आणि अर्धा रुंद. त्यावर किंमत छापलेली नसते. पट्टीतून सांडला की कुठला किती पिकोफॅरडचा हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्याची टोकं निकेलची असतात, त्यामुळे चिमट्यात जराशी चुंबकता आली तरी तो चिमट्यालाच चिकटून वर येतो. तुम्ही दहा रुपये म्हणालात, तो एक रुपयाचाही नाही! त्याच्यापुढे जे३१० जातीचा एक फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) आहे, एसओटी-२३ या छोट्या वेष्टनात. तो नसता तर केबल आणि डोंगलचा सगळा भार सेटच्या आयएफवर पडला असता आणि डोंगलचा कचरा सेटमध्ये शिरला असता.

‘शिकाऊ पोरी’बद्दल. त्या बाई आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडमधून आल्या आहेत आणि आमच्याकडचं ०४०२ चं सगळं काम मायक्रोस्कोपखाली त्याच करतात. माझे डोळे आणि बोटं आता ०८०५ च्या, म्हणजे २ मिलीमीटर लांब भागाच्या, खाली जात नाहीत. तुमच्या सेटला मालकाने हात लावला नाही हे तुमचं भाग्य समजा.

मोबाइलवाल्यांबद्दल मला आदर आहे. ०२०१ चे, म्हणजे याच्याही जवळपास निम्म्या लांबीचे भाग ते रोज बसवतात. नुसतं सोल्डरिंगच हवं असेल तर खुशाल त्यांच्याकडे जा, हात आमच्याइतकेच चांगले मिळतील. पण नंतर सिग्नल जनरेटर लावून सेन्सिटिव्हिटी मोजणं आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) ट्रान्समिट तपासणं हे त्यांचं काम नव्हे. १,८०० मधला मोठा वाटा त्याचा आहे आणि हा आकडा काम सुरू करण्याआधी तुम्हाला कळवलेला होता.

त्याच मोजमापामुळे रिसेप्शनबद्दल बोलता येतं. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे चिठ्ठीवर आहेत, फरक १ डीबीच्या आत आहे. तेव्हा आधी घरी एवढं करून पाहा: डोंगल काढा, लॅपटॉप चार्जरवरून उतरवून बॅटरीवर चालवा आणि मग ऐका. आवाज स्वच्छ झाला तर दोष चार्जरचा किंवा यूएसबी केबलचा आहे, केबलवर फेराइटचं कडं चढवा. १० मीटरच्या बँडवर २८.८ मेगाहर्ट्झला कायमची एक शिट्टी दिसेल, ती डोंगलच्या स्वतःच्या क्रिस्टलची. तिला सेटचा दोष समजू नका. एवढं करूनही मंद वाटलं तर शनिवारी सेट घेऊन या. तुमच्यासमोर पुन्हा मोजू, त्याचे पैसे नाहीत. येताना तोच लॅपटॉप आणि तोच चार्जर आणा.

ट्रान्समिट ओपन करणं हे या सगळ्यात सर्वांत सोपं काम होतं. सोल्डरचे जंपर बदलायचे, चहा गार व्हायच्या आत होतं. पण हौशी परवान्यात २ मीटरच्या बँडसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आहे आणि तिच्या आजूबाजूला विमानांपासून इतर सेवांपर्यंत दुसऱ्यांच्या फ्रिक्वेन्सी आहेत. ‘फक्त इमर्जन्सीसाठी’ असं सगळेच म्हणतात. शनिवारी याल तेव्हा हा विषय काढू नये ही विनंती. काढलात तरी उत्तर तेच असेल आणि रिव्ह्यूतले तारे त्यामुळे कमी झाले तरी चालतील.