ड्रॉइंग त्यांचं, रिजेक्शन आपलं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझ्या मावसभावाची छोटी फाउंड्री आहे. व्हॉल्व्हच्या बॉडी ओततात. दादाचं म्हणणं, आहे तीच लाइन सुधारा, सरकारचं झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्र घ्या, रिजेक्शन म्हणजे बाद निघणारा माल खाली आणा. पुतण्या नुकताच इंजिनिअर झालाय. त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह डिझाइन करायचाय. घरात रोज खडाजंगी, आणि कौल मागतात श्टुटगार्टला बसलेल्या माझा.

माझा कौल पुतण्याला. दादाच्या बॉडीत जिथे जाड बॉस (बॉडीवरचा उंचवटा) पातळ भिंतीला मिळतो, तिथलं लोखंड सगळ्यात शेवटी थिजतं आणि आत पोकळी राहते. ती दिसते मशिनिंग झाल्यावर, म्हणजे मजुरी फुकट गेल्यावर. दादाने वाळूतला ओलावा सांभाळला, ओतायचं तापमान सांभाळलं, रायझर (थिजताना जादा लोखंड पुरवणारी साच्यातली जागा) बदलला. रिजेक्शन उतरलं आणि अडलं. तो जाड बॉस गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधला. त्याला हात लावायची सोय नाही.

1953 मध्ये जपानच्या इना कंपनीत भट्टीच्या कडेच्या आणि मधल्या फरशा वेगवेगळ्या मापाच्या निघत. भट्टी नव्याने बांधणं महाग. त्यांनी मातीच्या मिश्रणात चुनखडी वाढवली. भट्टीतला फरक तसाच राहिला, फरशा सारख्या निघू लागल्या. ही रीत पुढे ज्यांच्या नावाने ओळखली गेली, ते जपानी इंजिनिअर तागुची पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. आणि सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलेल्या गावात आम्ही अजून दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर घाम गाळतोय!

माझ्या इथल्या कामात पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बनण्याआधीच ओतारी, मशिनवाला आणि सर्व्हिसवाला डिझायनरसमोर बसतात. महिनोन्‌महिने चालणारं कंटाळवाणं काम. पण ओतारी म्हणाला, ‘हा कोपरा पोकळ निघेल’, की ड्रॉइंग बदलतं.

पण म्हणून युरोपच्या ड्रॉइंगची आरती करू नये. विजेच्या साधारण मोटरसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक भोवतालचं तापमान कमाल 40 अंश धरतं. मे महिन्यातलं बडोदं त्यात बसत नाही, आणि हे इथे मीटिंगमध्ये मलाच सांगावं लागतं.

पुतण्याला वाटतं, डिझाइन म्हणजे कॉम्प्युटर आणि बंद खोली. त्याने आधी दादाचं रिजेक्शनचं रजिस्टर वाचावं. कुठला कोपरा किती वेळा दगा देतो, ते त्यात आहे. दादाने बॉस बारीक केलेलं ड्रॉइंग गिऱ्हाइकाला एकदा पाठवून बघावं. नाही म्हणाले, तर त्या बॉडीचा भाव वाढवून सांगावा.