सोनेरी भेक उन्हाने मेला नाही

पाऊस सुरू झाला आणि ते फॉरवर्ड पुन्हा आलं. ‘कोस्टा रिकाचा सोनेरी भेक हा तापमानवाढीने मारलेला पहिला प्राणी. उष्णता सहन न होऊन एका वर्षात दीड हजार मेले. तोच आता भारतात सापडला!’ खाली व्हिडिओ. (भेक म्हणजे टोड, बेडकाचाच भाऊबंद.)

आधी व्हिडिओचं उरकतो. हळद लागल्यासारखे पिवळेधमक, गळ्याशी निळे फुगे, शेतातल्या डबक्यात डराव डराव. हे आपले बुलफ्रॉग. विणीच्या दिवसांत नर असेच पिवळे होतात. सोनेरी भेकाचा नर नारिंगी, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. मादी तर सोनेरी नव्हतीच: काळपट अंगावर पिवळ्या कडेचे लाल ठिपके.

‘दीड हजार मेले.’ मेले नव्हे, दिसले! १९८७ मध्ये कोस्टा रिकातल्या माँटेव्हेर्देच्या ढगाळ जंगलात, झाडांच्या मुळांमधल्या डबक्यांशी जमलेले दीड हजारांवर भेक बेडूक-अभ्यासक मार्था क्रम्प यांनी पाहिले. मग डबकी आटली. ४३,५०० अंड्यांमधून आठवडाभर तगलेले टॅडपोल फक्त २९. पण अंडी सुकली म्हणून मोठे भेक कुठे गेले? पुढच्या वर्षी दिसले दहा-अकरा.

‘उष्णतेने.’ खरी मेख इथे आहे. तिथल्या झाडांच्या खोडांतले ऑक्सिजनचे समस्थानिक (ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार, त्यांवरून जुना ओलावा-दुष्काळ कळतो) तपासणारा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यानुसार तो दुष्काळ एल निन्योचा, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापतो त्या नैसर्गिक चक्राचा होता. शतकभर जंगल सुकत चालल्याची खूण सापडली नाही. दुसरा संशयित कायट्रिड बुरशी. बेडूक पाणी पितो तेच कातडीतून. ही बुरशी तिथेच बसते, अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबतं. तिला गारवा मानवतो, २८ अंशांच्या वर ती वाढत नाही. म्हणजे ढगातलं थंड, ओलं जंगल तिच्या सोयीचंच. तिचं नामकरण झालं १९९९ मध्ये, त्यामुळे भेक असताना कोणी तपासलं नाही. मात्र माँटेव्हेर्देतल्या इतर बेडकांच्या संग्रहालयातल्या नमुन्यांवर ती १९८७ पासून सापडते. पुरावा परिस्थितिजन्य आहे, मान्य. तापमानवाढीनेच बुरशीला बळ दिलं असंही काही संशोधक मांडतात आणि तो वाद मिटलेला नाही. तापमानवाढ खोटी, असं मी म्हणत नाहीये. फॉरवर्डवाल्यांनी निकाल आधीच लावलाय, एवढंच.

राहिलं ‘सापडला’. १५ मे १९८९ ला एकटा नर दिसला, तो शेवटचा. २००४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने नामशेष म्हणून नोंद केली.

डोंगरमाथ्यावरचा दुर्मिळ भेकच पाठवायचा तर आंबोलीचा आहे की! सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) उथळ पाण्यात अंडी घालतो, अतिसंकटग्रस्त आहे. तपकिरी आहे, म्हणून फॉरवर्ड होत नसावा.